घरोघरी वही घेऊन येणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांचा नेमका उपयोग काय?

आपण विचारले आहे की, गल्लीच्या तोंडाशी दोन खासगी डॉक्टर बसतात, दहा मिनिटांवर महापालिकेचा दवाखाना आहे, मग दर महिन्याला वही घेऊन दारात येणाऱ्या आणि "घरी कोणी आजारी आहे का, कोणी गरोदर आहे का" एवढे विचारून पुढे जाणाऱ्या बाईंचा प्राथमिक आरोग्यसेवेत उपयोग काय. मी मुंबईच्या पूर्व उपनगरांतील एका हेल्थ पोस्टमध्ये, म्हणजे महापालिकेच्या वस्तीपातळीवरच्या आरोग्य केंद्रात, वैद्यकीय अधिकारी होते आणि आता निवृत्त आहे. या बायकांच्या जिवावर माझी नोकरी झाली, त्यामुळे उत्तरात थोडा पक्षपात डोकावेल, तो धरून चालावे.

माझ्या टेबलासमोर जो येतो तोच मला दिसत असे. दुपारी दवाखाना बंद झाल्यावर कामावरून सुटणारा, औषध मध्येच सोडलेला, मुलाला डोस दिला की ताप येतो म्हणून सासूने अडवलेली, असे जे लोक आलेच नाहीत त्यांची माहिती मला स्वयंसेविकेच्या वहीतूनच मिळायची. क्षयरोगाचेच पाहा. साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे असतात. पहिल्या दोन महिन्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढते, आणि नेमका त्याच वेळी गोळ्या सोडून देण्याचा मोह होतो. जंतू मात्र पुरते मेलेले नसतात आणि अर्धवट उपचारांतून औषधांना दाद न देणारा क्षय उभा राहण्याची भीती असते. आमच्या हद्दीत बॅगा शिवण्याचे छोटे कारखाने होते, जिथे मुले खाली काम करत आणि रात्री तिथेच पोटमाळ्यावर झोपत. तिथल्या एका मुलाचे क्षयाचे उपचार चालू असताना एकदा आमच्या स्वयंसेविकेने येऊन सांगितले, "मॅडम, त्याची वळकटी दिसली नाही." शेठने तो बाहेर गेला आहे असे सांगून तिला वाटेला लावले होते, पण बाहेर गेलेला माणूस वळकटी घेऊन जात नाही, हे तिला ठाऊक होते. मुलगा उत्तर प्रदेशातल्या गावी निघून गेला होता. पहिल्या भेटीतच तिने त्याच्या गावाकडच्या भावाचा नंबर पेन्सिलीने समासात लिहून ठेवला होता; छापील नोंदवहीत त्यासाठी रकानाच नव्हता. त्या नंबरावरून त्याचा पत्ता लागला आणि क्षयरुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी 'निक्षय' प्रणालीवरून त्याचे उपचार त्याच्या गावाजवळच्या केंद्राकडे वर्ग करता आले. यात वैद्यकीय कौशल्य कोणते, असे आपण विचाराल तर मला उत्तर देता येणार नाही, पण उपचार पुरे झाले ते त्या समासातल्या नंबरामुळे.

विचारण्याचीही एक रीत असते, आणि ती मी त्यांच्याकडूनच शिकले. सुरुवातीला मी स्वतः वस्तीत फिरताना "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कोणाला आहे का?" असे पुस्तकातले वाक्य म्हणत असे आणि दारोदार "नाही" ऐकून परत येत असे. आमच्या जुन्या स्वयंसेविका मात्र आधी पाणी आले का, रेशन मिळाले का, हे बोलून घेत आणि मग सहज विचारत, "रात्री खोकून तुमची झोप कोण मोडतं?" त्यावर बाई आपणहून सासऱ्याचे नाव सांगायची आणि तपासणीसाठी बेडका घ्यायची डबी त्याच दिवशी घरात पोहोचायची. हे सरसकट चालते असे नाही. लग्न जुळत असलेली मुलगी घरात असेल तर कितीही गोड बोला, खोकला कोणालाच नसतो.

गरोदरपणातली अडचण वेगळी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात बाई कोकणात किंवा घाटावर निघून जाते आणि माता-बाल संरक्षण कार्ड मात्र मुंबईच्या कपाटात राहते. तिकडच्या डॉक्टरला तिचे हिमोग्लोबिन किती होते, रक्तदाब वाढला होता का, काहीच कळत नाही. म्हणून आमच्या बायका बॅग भरायच्या वेळी मुद्दाम जाऊन कार्ड साड्यांच्या वर ठेवायला लावत. परतल्यावर बाळाचे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातले डोस आणि पुढे नऊ महिन्यांनंतरचा गोवराचा डोस झाले की राहिले, हे पाहणेही त्यांच्याकडेच. राहिलेल्या डोसांचे काय होते ते 2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा शहराने पाहिले.

ही कल्पना मुंबईची नाही. 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेवा उभी केली, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी होतात हे दाखवले, आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य अभियानातल्या स्वयंसेविका, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन पाहतात, त्याचे मूळ या कामात आहे. ग्रामीण भागात आशा 2005 पासून आल्या, शहरांत 2013 च्या शहरी आरोग्य अभियानातून. महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हेल्थ पोस्टमार्फत वस्त्यांमध्ये फिरत आहेत. त्यामुळे आपल्या दारात येणाऱ्या बाई आशा किंवा महापालिकेच्या स्वयंसेविका, दोहोंपैकी कोणीही असू शकतात.

आता त्यांच्या मर्यादा. त्या डॉक्टर नाहीत आणि त्यांना अर्धी डॉक्टर बनवण्याचा हट्ट धरू नये, ताप आला तर त्यांच्याकडे अँटिबायोटिक मागणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांनी नकार दिल्यावर "मग येता कशाला?" असे सुनावणारेही. दुसरी मर्यादा आपण लादलेली आहे. पोलिओ, कुष्ठरोग, मलेरिया, तीस वर्षांवरील प्रत्येकाचा मधुमेह-रक्तदाबाचा फॉर्म, मध्ये कोविडचे सर्वेक्षण, अशी एकेक मोहीम वरून येते आणि आधीची कधी उतरत नाही. आमच्याकडे एक वेळ अशी आली की, घरात बसून बोलण्यापेक्षा तक्ते भरण्यातच त्यांचा दिवस जाऊ लागला, आणि बैठकीत आम्हाला विचारले जाई ते किती घरे झाली एवढेच. बोलण्याला तक्त्यात जागा नसते. शिवाय त्यांना पगार नाही, मानधन मिळते. पोटमाळ्यावरची वळकटी ओळखणाऱ्या बाईला आपण कायम कर्मचारी समजत नाही, हे मला नोकरीतही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

वस्तीच्या जागी पुनर्वसनाची इमारत उभी राहिली की हे काम आणखी अवघड होते. चाळीत उंबरठ्यावर उभे राहून चार घरांशी एकदम बोलता येत असे. आता लिफ्ट बंद असते, दरवाजे लागलेले असतात आणि वॉचमन खालीच थांबवतो. माणसे तीच असतात, आजारही तेच.

आपल्या प्रश्नावरून आपण दिवसभर कामावर असता असे दिसते. पुढच्या वेळी त्या आल्या आणि घराला कुलूप असेल, तर शेजाऱ्यांकडे आपला नंबर ठेवावा, आणि घरात भाडेकरू असेल तर त्याचे नावही सांगावे. बहुतेक घरमालक ते सांगत नाहीत, त्यामुळे वहीत तो माणूस राहतच नसतो.