द्राक्षाच्या पानांवर धूळ साचली तर पानांना हवा मिळते का? (दिंडोरी रोडलगतची बाग)

मिळते, कारण द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं) जवळपास सगळी खालच्या बाजूला असतात आणि धूळ बसते वरच्या. या रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत जातो, ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, त्यामुळे तेवढ्यासाठी झाडाला भरपूर पाणी घालवावं लागतं. म्हणूनच एप्रिलच्या भर दुपारी पाणी कमी पडलं की प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशी सैल पडून रंध्रं मिटतात. मग ऊन कितीही असो, अन्न बनणं मंदावतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, पण माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही: पानाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळल्यावर सेलोटेपने उचला आणि मायक्रोस्कोपखाली धरा. खालच्या ठशात रक्षक पेशींच्या ओठांसारख्या जोड्या दिसतील, वरच्यात शोधूनही क्वचितच.

मात्र धूळ निरुपद्रवी नाही. ती पानावर येणारा उजेड अडवते, तेव्हा पानं धुतलेली बरी. आणि हे उत्तर शेजारच्या कांद्याला लावू नका, त्याच्या नळीसारख्या पातीला रंध्रं सगळ्या बाजूंनी असतात.