वायफाय कनेक्टेड दिसतं, पण नेट नाही

प्रश्न : नमस्कार दादा, नाशिकला आमचं दोन मजली घर आहे. फायबरचा डबा खाली हॉलमध्ये, वर रेंज येत नाही म्हणून दुसरा राउटर आणला आणि इलेक्ट्रिशियनकडून केबल ओढून घेतली. खालच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणं लावायचं भोक) वरच्याच्या लॅन पोर्टमध्ये लावलीय. आता कधी माझ्या फोनला नेट नसतं, कधी मुलीच्या लॅपटॉपला, वायफाय मात्र कनेक्टेड दिसतं. सगळं बंद-चालू केलं की थोडा वेळ चालतं. दोन्हींच्या स्टिकरवर १९२.१६८.१.१ लिहिलंय. राउटर बदलू का?

उत्तर : नका हो बदलू, पैसे वाया जातील. लाइन गेली असती तर सगळ्यांचंच नेट एकदम गेलं असतं, तुमच्याकडे आज एकाचं जातंय उद्या दुसऱ्याचं, म्हणजे भानगड घरातच आहे आणि ती तुम्हीच स्टिकर वाचून पकडलीय. घरात दोन राउटर आणि दोघांचा पत्ता एकच. फोन कनेक्ट झाला की राउटर त्याला एक नंबर देतो आणि बाहेर जायचं दार कुठलं तेही सांगतो, याला डीएचसीपी म्हणतात. तुमच्याकडे दोघंही हे काम करतायत, दोघंही सांगतात की दार १९२.१६८.१.१, आता फोनला खालचं दार सापडलं तर नेट चालतं आणि वरचं सापडलं तर तिथून पुढे रस्ताच नाही, कारण वरच्याला बाहेरची लाइनच नाहीये. बंद-चालू केल्यावर चालतं ते निव्वळ नशिबाने.

आता असं करा. मधली केबल काढा, लॅपटॉप फक्त वरच्या राउटरला केबलने जोडा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, लॅन सेटिंगमध्ये जाऊन पत्ता १९२.१६८.१.२ करा, सेव्ह करा. मग नव्या पत्त्यावर परत लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. क्रम हाच ठेवा, डीएचसीपी आधी बंद केलं तर लॅपटॉपला नंबरच मिळत नाही आणि पान उघडेना म्हणून माणूस घाबरतो. मग केबल होती तशीच लॅनमधून लॅनमध्ये लावा, वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरची लाइन लावायचा, रिकामा राहू दे. वायफाय सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल खाली १ आणि वर ११ ठेवा, म्हणजे दोघं एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत.

अजून एक, प्लॅन २०० एमबीपीएसचा असेल आणि वर केबलनेही ९४-९५ च्या पुढे स्पीड जात नसेल तर केबलची टोकं तपासून घ्या, कधीकधी आठपैकी चारच तारा जोडलेल्या असतात आणि चार तारांवर १०० च्या पुढे जाताच येत नाही.

प्रश्न : फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल नाही सांगणारा) लाल दिवा लागलाय, रीसेट करू का?

उत्तर : अजिबात नको! लाल दिवा म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये, आणि पिनने रीसेट दाबलंत तर सेटिंग पुसली जाईल, मग लाइन आली तरी नेट सुरू होईलच असं नाही. फायबरची बारीक वायर कपाटामागे दुमडली किंवा चेपली नाही ना बघा, असेल तर हळूच मोकळी करा. तिचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, आत लेझर असतो. तरी दिवा लालच राहिला तर तक्रार नोंदवा आणि ‘एलओएस लाल आहे’ एवढं स्पष्ट सांगा, म्हणजे तुटलेली फायबर जोडायचं मशीन घेऊनच माणूस येईल.