शंभरातले सदतीस दिवस गेले

(पत्र कल्पित आहे. ठिकाण रोमजवळचं ओस्तिया बंदर, साल इसवी सन १६०, गादीवर सम्राट अँटोनायनस पायस. कायदे आणि कर मात्र तिथलेच. रकमा सेस्टर्स या रोमन नाण्यात.)

प्रश्न : मी ५३ वर्षांचा, जन्माने स्वतंत्र रोमन नागरिक, तेलाचा व्यापारी. घर-दुकान १,२०,०००, शेत १,००,०००, व्याजाने दिलेले ४०,०००, रोख ६०,०००. दलाल म्हणतो, रोख रक्कम अलेक्झांड्रियाच्या जहाजावर लावा, एका फेरीला ३० टक्के. लावू का? ३७ दिवसांपूर्वी वारलेल्या मित्राने मृत्युपत्रात मला ८०,००० ठेवले आहेत, म्हणजे एकूण ४,००,००० होऊन अश्वारोही वर्गाची (सेनेटरांखालच्या श्रीमंत वर्गाची) अट पुरी होईल. लग्न केलेलं नाही. माझी एक दासी ३० वर्षांची असताना मी तिला दंडाधिकाऱ्यासमोर मुक्त केलं, ५ टक्के करही भरला. गेली १२ वर्षं ती माझ्या घरात कॉन्क्युबिना, म्हणजे लग्नाविना राहणारी जोडीदारीण, म्हणून आहे. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. मृत्युपत्रात सगळं तिच्याच नावे केलं आहे, लिहिणाऱ्याने २,००० घेतले. कौटुंबिक थडग्याचा दगडही तयार आहे, त्यावर तिचं नाव आणि पुढे ‘कॉन्क्युबिना’ असं कोरलं आहे. त्यामुळे घरची काळजी मिटली आहे.

उत्तर : जहाजाचं आधी उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. समुद्री कर्जाला व्याजाची १२ टक्क्यांची मर्यादा लागू नाही, ती का नाही हे दलालाने सांगितलेलं दिसत नाही. जहाज बुडालं की सावकाराचं मुद्दलही बुडतं, ऋणको काही देणं लागत नाही. ६०,००० वर फेरीला १८,०००. पाच फेऱ्यांत एक जहाज बुडालं तर चार फेऱ्यांचे ७२,००० आले आणि ६०,००० गेले. उरले १२,०००, म्हणजे फेरीला ४ टक्के. शेतीवर लिहिणारा कोलुमेला द्राक्षमळ्याचा हिशेब मांडताना पैशाला साधं ६ टक्के व्याज धरतो आणि मळा बुडत नाही. थोरला कॅटो जहाजांवर पैसे लावायचा, पण ५० कर्जदार आणि ५० जहाजांची भागीदारी उभी करून त्यात स्वतःचा एक हिस्सा ठेवायचा. एकाच जहाजावर सगळी रोकड लावणं म्हणजे जुगार. हौसच असेल तर अनेक जहाजांच्या भागीदारीत १०,००० लावा. करारात निघण्याची शेवटची तारीख घालून घ्या. ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंदच धरतात आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर निघणारं जहाज दलालाने स्वतःच्या पैशाने पाठवावं.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो.

मित्राचे ८०,००० तुम्हाला मिळणार नाहीत. आजच्या स्थितीत एक सेस्टर्सही नाही. ऑगस्टसचे दोन कायदे आहेत, इ.स.पू. १८ चा युलियन आणि इ.स. ९ चा पापिया-पोपेया. २५ ते ६० वर्षांचा पुरुष आणि २० ते ५० वर्षांची स्त्री अविवाहित असेल, तर जवळचे नातेवाईक सोडून इतर कुणाच्याही मृत्युपत्रातून त्यांना काही घेता येत नाही. कॉन्क्युबिना असणं म्हणजे लग्न नव्हे, मग ती १२ वर्षं घरात असो की ४०. तुमच्या वाटची रक्कम त्याच मृत्युपत्रातल्या मुलंबाळं असलेल्या लोकांकडे जाते, तसं कुणी नसेल तर सरकारी खजिन्यात. खबर देणाऱ्याला बक्षीस मिळतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येणार नाही अशी आशा धरू नका.

सुटका एकच आहे, शंभर दिवसांच्या आत लग्न. मी मृत्यूच्या दिवसापासूनच मोजतो, म्हणजे ६३ दिवस हातात आहेत. तरीही पूर्ण ८०,००० धरू नका. लग्न झालेल्या पण मूल नसलेल्या माणसाला अर्धंच मिळतं. तुमची दोन मुलं कायद्याच्या नजरेत बापाविनाची आहेत, म्हणून मी अर्धंच धरतो. ४०,००० मधून वारसा कराचे ५ टक्के, २,००० वजा. हाती ३८,०००. एकूण संपत्ती ३,५८,०००. अश्वारोही वर्ग ४२,००० ने हुकला. तो विषय इथेच सोडा. नुसते चार लाख जमले म्हणून सम्राट बोलावून घोडा देत नाही.

तुमच्या स्वतःच्या मृत्युपत्राची अवस्था याहून वाईट आहे. सगळं तिच्या नावे लिहिलंत, पण ती ४२ वर्षांची आणि अविवाहित. तुम्हाला लागू असलेला कायदा तिलाही लागू आहे. उद्या तुम्ही गेलात तर तिला शून्य. मुलांची नावं तुम्ही घातलेली नाहीत, दुसरा वारस नाही, म्हणजे घर, शेत, रोकड सगळं खजिन्यात. तिला ते वाचवायचं असेल तर तुमची चिता विझल्यावर शंभर दिवसांत दुसऱ्या कुणाशी तरी लग्न करावं लागेल. २,००० घेऊन हे लिहून देणाऱ्याला ही अडचण माहीत नसेल तर तो अडाणी आहे आणि माहीत असेल तर लबाड. पैसे परत मागा.

कॉन्क्युबिनाला मराठीत ‘रखेल’ किंवा ‘अंगवस्त्र’ म्हणतात, ते इथे बसत नाही. पेशवाईतल्या नाटकशाळा बायका घरात असतानाच असायच्या. रोममध्ये बायको असलेल्याला कॉन्क्युबिना ठेवता येत नाही. ती बायकोच्या जागी असते आणि एकच असते. त्यात गुन्हा नाही, चोरी नाही, लाजही फारशी नाही. सम्राट व्हेस्पासियन बायको वारल्यावर केनिस या मुक्त दासीबरोबर जवळजवळ नवराबायकोसारखाच राहिला. आपला सम्राटही बायको फाउस्टिना गेल्यावर गालेरिया लिसिस्त्राते हिच्यासोबत राहतो आहे. पण त्याचे वारस ठरलेले आहेत आणि हे कायदे त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याचं पाहून तुम्ही आपला संसार मांडू नका. सेनेटर असता तर मुक्त दासीशी लग्न करणं तुम्हाला शक्यच नव्हतं आणि कॉन्क्युबिना हाच मार्ग उरला असता. तेलाच्या व्यापाऱ्याला ती अडचण नाही. जुनी दासी बायको म्हणून घरात आली तर लोक काय म्हणतील, एवढीच तुमची अडचण, आणि त्या अडचणीची किंमत आज तुमच्या सगळ्या मालमत्तेएवढी आहे.

म्हणून लग्न करा. पण उद्या नको, आधी तिला दान द्या.

सगळा पैसा या क्रमात आहे. नवराबायकोने एकमेकांना दिलेली भेट रद्दबातल असते, दिली तरी वस्तू देणाऱ्याचीच राहते. कॉन्क्युबिनाला दिलेली भेट मात्र पक्की असते. पुढे त्याच बाईशी लग्न झालं तरी आधीची भेट मोडत नाही. हे काही दशकांनी पॅपिनियन हा कायदेपंडित स्पष्ट लिहून ठेवणार आहे. एरवी सगळीकडे तोट्याचं असणारं हे नातं फक्त या एका ठिकाणी बायकोपेक्षा सरस आहे. लग्नानंतर मृत्युपत्रातून बायकोला किती मिळतं बघा : लग्नातून मूल नसेल तर एक दशांश आणि एक तृतीयांश मालमत्तेचा हयातभर उपभोग. हुंडा तिला मृत्युपत्राने परत ठेवला तर तो या दशांशाच्या वर मिळतो. यापलीकडे काही नाही. म्हणून घर-दुकान, १,२०,०००, लग्नाआधी तिच्या नावे करा.

करताना नुसतं ‘हे तुझं’ म्हणून भागणार नाही. इटलीतली जमीन आणि घर मान्किपातिओने हस्तांतर करायचं असतं : पाच प्रौढ नागरिक साक्षीदार, तराजू धरणारा सहावा, ठरलेले शब्द, तराजूला लावलेलं तांब्याचं नाणं. लगेच ताबाही द्या, किल्ल्या तिच्या हातात द्या, भाडेकरू असतील तर भाडं पुढच्या महिन्यापासून तिने घ्यावं. इ.स.पू. २०४ चा किंकिया कायदा मोठ्या भेटींना आडवा येतो, पण तो अर्धवट राहिलेल्या भेटींना. दिलेला शब्द वसूल करता येत नाही, पुरं केलेलं हस्तांतर मात्र टिकतं.

यात एक खड्डा आहे. रोममध्ये लग्नाला कागद लागत नाही. लग्नाची इच्छा, बरोबर राहणं आणि एकमेकांशी लग्न करण्याचा हक्क एवढं पुरतं. बायको आणि कॉन्क्युबिना यांच्यात फरक मनातल्या हेतूचा आणि मानाचा, असं वकीलही मानतात. त्यामुळे उद्या कुणी पुतण्या उभा राहून म्हणू शकतो, की ही बारा वर्षं बायकोच होती, म्हणून घराची भेट रद्द. त्याला तोंड द्यायला पुरावा हवा. आणि तुम्हीही दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका. मित्राच्या रकमेसाठी ‘आमचं लग्न केव्हाचं झालं आहे’ आणि घरासाठी ‘लग्न नव्हतं’, असं दोन ठिकाणी दोन तोंडांनी बोललात तर दोन्ही जातील. तारखा स्पष्ट ठेवा : पहिल्या वीस दिवसांत भेट, भेटीच्या कागदावर साक्षीदारांच्या मोहरा. मग निदान महिनाभर अंतर. मग लग्न, आणि तेही गाजावाजा करून : वरात, साक्षीदार, तिने आणलेला थोडा हुंडा, लग्नाचा लेखी करार. शंभराव्या दिवसाच्या आदल्या दिवशी नको. कुणी आजारी पडतं, कुणी साक्षीदार गावाला जातो.

तिच्या नावे घर झालं की नवा प्रश्न, आणि हा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ती मुक्त दासी आहे. मृत्युपत्र न करता ती गेली तर तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलांचा नाही, तिला मुक्त करणाऱ्या तुमचा. आईची मालमत्ता आधी मुलांना हा ठराव सेनेट इ.स. १७८ मध्ये करील, पण त्याला अठरा वर्षं आहेत. मुक्त करणारा म्हणून तुम्ही कायद्याने तिचे पालक आहात; चार मुलं असती तर ती या पालकत्वातून सुटली असती, दोनच आहेत. म्हणजे तिला मृत्युपत्र करायचं तर तुमची संमती लागते. लग्न झालं की त्याच आठवड्यात ते करून घ्या, वारस दोन्ही मुलं. संमती द्यायला तुम्ही जिवंत असायला हवं, एवढं लक्षात ठेवा.

तुमचं नवं मृत्युपत्र असं. वारस दोन्ही मुलं, निम्मं निम्मं, नावं स्पष्ट लिहून. लहान असल्याने अविवाहितांचा कायदा त्यांना लागू नाही. आई मुक्त झाल्यावर ती जन्मली, म्हणून नागरिक आहेत. इथे तुम्हाला शाबासकी द्यायला हवी. मेजवानीत मित्रांसमोर ‘जा, तू मोकळी’ म्हणाला असतात तर ती फक्त लॅटिन दर्जाची, म्हणजे नागरिकापेक्षा कमी हक्कांची, झाली असती, मुलंही तशीच, आणि हे पत्र इथेच संपलं असतं. उरलेले २,००,००० आणि मित्राचे ३८,०००, मिळून २,३८,०००. बायकोला दशांश, साधारण २४,०००. मुलांना २,१४,०००, त्यावर ५ टक्के कर, ११,००० धरा. पोटची मुलं, पण कायद्याने परकी, म्हणून कराची सूट नाही. ११,००० रोखीत वेगळे ठेवा, नाहीतर शेत घाईत विकावं लागेल. मुलांसाठी पालक नेमा, पण तो दंडाधिकाऱ्याकडून कायम करून घ्यावा लागेल, कारण या मुलांवर तुमची पितृसत्ता, म्हणजे बापाचा कायदेशीर अधिकार, नाही. सात मोहरांशिवाय मृत्युपत्राला अर्थ नाही.

लग्न झालं की मुलं आपोआप औरस होतील, असं तुमच्या मनात असेल तर काढून टाका. तसा नियम नाही. मुलाला दत्तक घेता येईल. सज्ञान नसलेल्याला असं घेण्याची मुभा सध्याच्या सम्राटाने पोंटिफेक्सना, म्हणजे रोमच्या मुख्य पुरोहितांना, पत्र लिहून दिली आहे, पण चौकशी, जामीन आणि रोमच्या खेपा आहेत. पुढे विनाकारण त्याला बाहेर काढलंत तर तुमच्या मालमत्तेचा चतुर्थांश त्याला द्यावा लागेल. मुलीला हा मार्गच नाही. वर्षभराने बघू. तोवर एक स्वस्त काम करा : सरकारी जन्मनोंदवहीत अशी मुलं घेत नाहीत, पण ईजिप्तमध्ये १४५ साली एका बाईने आपल्या जुळ्यांसाठी केलं तसं सात साक्षीदारांसमोर मेणाच्या पाटीवर आईच्या नावाने जन्माचं निवेदन करून ठेवा. नागरिकत्वाचा वाद निघाला तर तेवढंच हातात असेल.

राहता राहिले रोख ६०,०००. ११,००० कराला, १०,००० जहाजांच्या भागीदारीत, बाकीचे शेतालगत तुकडा मिळाला तर त्यात, नाहीतर चांगल्या तारणावर ६ टक्क्यांनी.

आणि थडग्याचा दगड. पाथरवटाला सांगा, ‘कॉन्क्युबिना’ हा शब्द सध्या खरवडू नको. घराच्या भेटीचा तुमच्याकडे असलेला सगळ्यात टिकाऊ पुरावा तोच आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बदलून घ्या.