आमच्या गावच्या शारदा उत्सवात दोन कुटुंबांत टीव्हीवरच्यासारखा प्रश्नांचा खेळ घ्यायचा आहे. बझर आणि गुणांची पद्धत कशी ठेवावी?

तुम्ही ज्या खेळाबद्दल विचारताय, त्याचं मूळ अमेरिकेतल्या 'फॅमिली फ्यूड'मध्ये आहे. 1976 च्या जुलैत एबीसी वाहिनीवर तो सुरू झाला, सूत्रसंचालक रिचर्ड डॉसन. एका कुटुंबाचे पाच जण. या खेळात सामान्यज्ञान विचारत नाहीत. 100 लोकांना आधी विचारून ठेवलेल्या प्रश्नावर जास्तीत जास्त लोक काय म्हणाले असतील, ते ओळखायचं; जितक्यांनी ते उत्तर दिलं, तितके गुण. म्हणून शाळा न शिकलेली आजीही इथे पदवीधर नातवाच्या बरोबरीने खेळते, आणि गावासाठी मला हाच प्रकार सगळ्यात योग्य वाटतो.

खरी मेहनत त्या 100 चिठ्ठ्यांची. चार कुटुंबं असतील तर तीन सामने, प्रत्येकी चार प्रश्न, शेवटच्या फेरीचे पाच आणि राखीव तीन, असे 20 प्रश्न लागतात. एकाच माणसाला 20 विचारले तर पुढची उत्तरं तो उरकून टाकतो. दहा-दहाचे दोन कागद करा, आठवडी बाजारात आणि रेशन दुकानापुढे प्रत्येक कागद 100 जणांना विचारा. एका प्रश्नाला एकच उत्तर, सुचवायचं काही नाही. माणसं कमी पडली तर 50 जणांना विचारून आकडे दुप्पट करा.

मोजणीत घोळ होतो तो एकाच अर्थाच्या उत्तरांचा. समजा, 'पोळा म्हटलं की काय आठवतं?' यावर बैल 44, पुरणपोळी 21, झडत्या (पोळ्याला म्हणतात ती गाणी) 12, तोरण 9, वाजंत्री 6 आले, बाकी आठ उत्तरं एकेकट्याची. एकट्याचं उत्तर फळ्यावर घेत नाहीत, निदान दोघांनी तरी ते दिलेलं हवं. आता कोणी 'झूल' म्हणालं तर ते बैलात धरायचं का? हे मांडवात ठरवायला गेलात तर भांडण नक्की. चिठ्ठ्या मोजतानाच प्रत्येक उत्तराखाली चालणारे शब्द लिहून ठेवा. मोजणाऱ्यांच्या घरचं कोणी खेळात नको.

प्रत्येक कुटुंबाचा एकेक जण बझरवर येतो. वरचं उत्तर देणाऱ्याचं कुटुंब खेळायचं की सोडायचं ते ठरवतं. तीन चुका झाल्या की समोरच्यांना एकच संधी, बरोबर आलं तर सगळे गुण त्यांचे. सुरुवातीच्या काळात 200 गुणांवर सामना संपायचा. तेव्हा शेवटच्या फेरीत जिंकलेल्या कुटुंबातले दोघं खेळायचे: पहिल्याला 15 सेकंद, दुसऱ्याला 20, पाच प्रश्न, तेच उत्तर पुन्हा चालत नाही, दोघांचे मिळून 200 झाले की मोठं बक्षीस. पहिला खेळत असताना दुसऱ्याला मांडवाबाहेर, भोंग्यापासून दूर बसवा.

बझरला 230 व्होल्ट अजिबात वापरू नका, मांडवात ओल असते, लहान मुलं असतात. फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी पुरते, लाइट गेली तरी खेळ थांबत नाही. 12 व्होल्टचे आठ पिनचे दोन रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), बेससकट. दोन घंटीची बटणं, गाडीच्या इंडिकेटरचे दोन बल्ब, एक लाल ऑफ बटण आणि दोन 1एन4007 डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे). रिलेत संपर्कांचे दोन संच असतात. पहिल्या संचाचा एरवी उघडा असणारा संपर्क स्वतःच्या बटणाला समांतर जोडा, म्हणजे बोट उचललं तरी रिले धरून राहतो. मोटरच्या स्टार्टरमध्ये हिरवं बटण सोडल्यावर मोटर चालू राहते, तेच तत्त्व. दुसऱ्या संचाच्या मधल्या टोकाला प्लस द्या. त्याचा एरवी बंद असणारा संपर्क समोरच्याच्या बटणाकडे, उघडा संपर्क आपल्या बल्बकडे. एकाचा रिले ओढला की दुसऱ्याच्या बटणाचा पुरवठाच तुटतो. लाल बटण बॅटरीच्या प्लसवर, सगळ्यांच्या आधी. डायोड रिलेच्या कॉइलच्या (आतल्या तारेच्या गुंडाळीच्या) दोन टोकांवर, पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा लागला तर बटण दाबताच शॉर्ट होतो.

बटण न दाबताच रिले टरटर वाजला तर समजा, धरून ठेवणारी तार चुकून बंद संपर्कावर गेलीय. लाल बटण सोडताच बल्ब लागला तर कोणीतरी आधीच दाबून बसलंय. प्रश्न पूर्ण होईपर्यंत हात टेबलावर उताणा, हा नियम पहिल्याच प्रश्नापासून पाळा.