शेवटची बस कितीला? एकट्याने युरोप फिरणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की युरोपात एकट्याने फिरायला धाडस वगैरे काही लागत नाही, वेळापत्रक नीट वाचता आलं की पुरे. ते निम्म्या वाचकांना अजिबात पटलेलं नाही आणि उरलेल्या निम्म्यांनी थेट तारखाच कळवल्यात! सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं काही जमणार नाही, त्यामुळे जे प्रश्न फिरून फिरून आलेत तेवढे घेतलेत.

प्रश्न: ताई, मी ६३ वर्षांचा, रिटायर्ड. मिसेसना थंडी आणि चालणं दोन्ही नको, त्या म्हणतात तुम्हीच जाऊन या. २० दिवसांत पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम आणि मध्ये स्वित्झर्लंड असं बसवलंय. ठीक आहे ना? आणि व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा?

काका, यादी वाचूनच मला धाप लागली. २० दिवसांत ८ ठिकाणं म्हणजे दर अडीच दिवसांनी बॅग भरा, ओढा, उघडा. ग्रुप टूरमध्ये हे खपून जातं कारण तिथे बस दारात येते आणि पुढे कुठे जायचं ते दुसरंच कोणीतरी बघत असतं. एकट्या माणसाला प्लॅटफॉर्म पण स्वतःच शोधायचा, बॅग पण स्वतःच उचलायची आणि स्टेशनवर टॉयलेटला जायचं झालं तरी ती बॅग सोबत घेऊनच जायचं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

मी काय केलं असतं सांगू? पॅरिस ५ रात्री. तिथून झुरिचपर्यंत थेट फास्ट ट्रेन आहे, साधारण ४ तास, आणि पुढे गाड्या बदलत स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात ६ रात्री. तिथे दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे आहेत आणि श्टाउबबाख नावाचा धबधबा जवळजवळ ३०० मीटरवरून गावाच्या अगदी कडेला येऊन पडतो, म्हणजे काही न करता नुसतं बाकावर बसून राहिलात तरी तिकिटाचे पैसे वसूल. मग जवळच्या श्पीत्स स्टेशनहून डोंगराखालच्या बोगद्यांतून मिलान आणि तिथून व्हेनिस, ४ रात्री. व्हेनिसहून रात्रीची नाइटजेट ट्रेन पकडलीत की सकाळी व्हिएन्ना, तिथे ४. झाले की २० दिवस. बर्लिन, प्राग, ॲमस्टरडॅम पुढच्या वेळी, रोम तर आहेच तिथे, इतकी वर्षं टिकलंय अजून थोडं टिकेल!

व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा), आणि नियम असा की ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, सगळीकडे सारखेच दिवस असतील तर जिथून आत शिरणार त्याच्याकडे. वरच्या प्लॅनप्रमाणे तुमचा अर्ज स्वित्झर्लंडकडे जाईल. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, यात भलेभले गोंधळतात (चलन मात्र त्यांचं वेगळं, फ्रँक). मोठ्यांची फी जून २०२४ पासून ९० युरो झालीये, प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण १५ दिवसांवर विसंबून बसू नका हो, निर्णयाला कधी कधी ४५ दिवससुद्धा लावतात आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही.

प्रश्न: मी २७ वर्षांची मुलगी, पहिल्यांदाच एकटी जातेय, बजेट कमी म्हणून हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये राहीन म्हणते. सेफ असतं का? घरचे टेन्शनमध्ये आहेत.

बहुतेक हॉस्टेलमध्ये फक्त मुलींची डॉर्म वेगळी असते, थोडे पैसे जास्त पडतात, पहिल्यांदा जातेयस तर तीच घे. कुलूप स्वतःचं ने, लॉकर असतो पण कुलूप बऱ्याच ठिकाणी विकत घ्यावं लागतं. आणि कानात घालायचे बोळे, कारण डॉर्ममधला खरा त्रास चोरांचा नाही गं, पहाटे ५ ला उठून पाऊण तास प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवणाऱ्या लोकांचा आहे. तू आदल्या रात्रीच कपडे बाहेर काढून ठेव म्हणजे दुसरं कोणी तुला शिव्या घालणार नाही.

बाकी माझा एक नियम आहे आणि तो मी अजून मोडत नाही, नवीन शहरात उजेडी पोचायचं. जूनमध्ये पॅरिसला ९ वाजून गेले तरी उजेड असतो, म्हणजे फार कठीण नाहीये हे. रात्री १२ ला उतरवणारं स्वस्त तिकीट खरं म्हणजे महाग पडतं कारण मग घाबरून टॅक्सी करतोस. राहायची जागा अगदी मोठ्या स्टेशनसमोर घेऊ नकोस, दोन-चार ट्राम स्टॉप लांब घे, स्टेशनांच्या आसपासचा भाग रात्री बऱ्याच शहरांत उदास असतो. रात्रीच्या ट्रेनचं बुकिंग करताना फक्त बायकांचा डबा असा पर्याय मिळतो का बघ, नाइटजेटमध्ये असतो. आणि ११२ हा नंबर सगळ्या युरोपियन युनियनमध्ये चालतो, पोलीस, ॲम्ब्युलन्स, सगळ्याला, फुकट. घरच्यांना रोज एक ठरलेल्या वेळी मेसेज कर, पण दर तासाला फोटो पाठवायची सवय लावू नकोस, एक दिवस रेंज गेली की तिकडे रडारड सुरू होते.

प्रश्न: पाकीटमारांचे खूप किस्से ऐकलेत. पैसे कुठे ठेवायचे?

दोन जागी, आणि मागच्या खिशात कधीच नाही. पॅरिसमध्ये साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांपाशी मनगटाला दोरा बांधायला येतात, हात खिशात घालून चालत राहायचं, "नो थँक्यू" म्हणायला थांबलात की बांधलाच समजा. कोणी सही घ्यायला कागद पुढे करतं, कोणाला तुमच्या पायाशी "सोन्याची" अंगठी सापडते, सगळे एकाच माळेचे मणी. मेट्रोत दाराशी उभं राहून फोन बघू नका, दार बंद होता होता हिसकावतात.

पण खरं सांगू का, चोरांपेक्षा जास्त पैसे माझे मशीनवाल्यांनी खाल्लेत. एटीएम विचारतं की तुमच्या चलनात पैसे कापू का, ते वाचून बरं वाटतं आणि आपण हो म्हणतो, तिथे रेट वाईट लावतात. कायम तिथल्याच चलनात म्हणायचं, युरो तर युरो, फ्रँक तर फ्रँक. दुसरं म्हणजे तिकीट. बऱ्याच शहरांत मेट्रोला फाटकच नसतं, आणि कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही, छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवावा लागतो, इटलीत रिजनल ट्रेनच्या कागदी तिकिटाचं पण तेच. साध्या कपड्यातला चेकर येतो आणि "मला माहीत नव्हतं" त्याला रोज शंभर जण सांगत असतात. जर्मनीत ६० युरो दंड आहे. हो, भरलाय मी.

प्रश्न: वय ३४, ट्रेकिंगची चांगली सवय आहे. टूर द्यू माँ ब्लाँ एकट्याने करायचाय. गाइड घेऊ का? वाटेत काही झालं तर?

वाट सापडेल का ही काळजी असेल तर गाइडची गरज नाही. माँ ब्लाँ डोंगराभोवतीचा साधारण १७० किलोमीटरचा पायी वेढा आहे, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड तिन्हीतून जातो, एकूण चढ १०,००० मीटरच्या आसपास, लोक १०-११ दिवस घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये इतकी माणसं असतात की चुकायचं म्हटलं तरी अवघड. जूनमध्ये खिंडींत बर्फ असू शकतो म्हणून एकट्याने तेव्हा जाऊ नकोस. मुक्कामाच्या हट्सचं (डोंगरातल्या राहण्या-जेवण्याच्या साध्या घरांचं) बुकिंग मात्र काही महिने आधी कर.

एकट्याची अडचण वाटेची नसतीच, अडचण ही की "पुरे आता, मागे फिरू" असं म्हणणारं शेजारी कोणी नसतं. माझंच ऐक. इटलीच्या डोलोमाइट्स डोंगरांत त्रे चीमे या तीन सुळक्यांचा वेढा करत होते, साधारण १० किलोमीटर, लहान मुलं पण करतात. औरोंझो हटपर्यंत बस येते, तिथून १०१ नंबरच्या वाटेने लोकातेल्ली हटपाशी गेले, तिथून तिन्ही सुळके समोरासमोर दिसतात, म्हणजे दिसायला हवे होते, त्या दिवशी ढगात होते. म्हटलं पाच मिनिटं थांबू. मग एक सुळका अर्धा उघडा पडला, म्हटलं आता उघडतंय, अजून पाच मिनिटं. अशी दीड तास पाच-पाच मिनिटं केली! सोबत कोणी असतं तर वीस मिनिटांत कंटाळून उठवलं असतं मला. १०५ च्या वाटेने औरोंझोला परत आले तर पार्किंग जवळजवळ रिकामं, एक माणूस गाडीच्या टपावरून काठ्या उतरवत होता आणि शेवटची बस गेलेली. त्या माणसाला लिफ्ट मागायची लाज वाटली (ही दुसरी चूक), आणि खाली मिझुरिना गावापर्यंत ७ किलोमीटर डांबरी उतार चालत आले. पायाच्या अंगठ्याचं नख पुढे दोन महिने काळं होतं. सुळके? ते उतरताना मागे वळून पाहिलं तर सगळे लख्ख उघडे.

तेव्हापासून सकाळी निघताना परतीची वेळ मनगटावर पेनने लिहिते. शेवटची बस किंवा केबल कार कितीला आहे ते आधी बघायचं, त्यातून दोन तास वजा करायचे, आणि तेवढे वाजले की कुठेही असो, वळायचं. मुक्काम हटवरच असेल तर उन्हाळ्यात दुपारनंतर आल्प्समध्ये गडगडाट होतो तो धरून चालायचं, म्हणजे सकाळी ७ ला निघून २-३ पर्यंत हटवर. स्वित्झर्लंडच्या पाट्यांवर अंतर वेळेत लिहिलेलं असतं आणि त्यात थांबण्याचा वेळ धरलेला नसतो, हे विसरू नकोस. पिवळी खूण म्हणजे साधी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरी, पांढरी-निळी-पांढरी दिसली तर ते काम एकट्याचं नाही, परत फिर. तुझ्या रूटवर स्वित्झर्लंडमधल्या शांपे गावाच्या पुढे दोन पर्याय येतील, फनेत्र दार्पेतची २६६५ मीटरची दगडधोंड्यांची खिंड आणि बोविनची सौम्य वाट. हवा जराही शंकेची असली तर बोविन. ती केली म्हणून कोणी तुला कमी मार्क देणार नाही.

आता काही झालं तर. हटमध्ये वही असते, तिच्यात नाव आणि उद्या कुठे जाणार ते लिहायचं, लोक आळस करतात पण एकट्या माणसाचा ठावठिकाणा कोणाला तरी माहीत असायची हीच एक सोय. ११२ आहेच, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरसाठी एरवी रेगा या बचावसेवेचा १४१४, पण तुझ्या रूटचा स्विस भाग वाले (Valais) प्रांतात येतो, तिथे १४४. फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च, एका मिनिटात ६ वेळा, मग एक मिनिट थांबायचं, परत ६. उलट मिनिटाला ३ वेळा उत्तर आलं म्हणजे कोणीतरी ऐकलंय. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल आपल्याला येतं, त्यामुळे विम्याचे बारीक अक्षरांतले नियम आधी वाच, व्हिसापुरत्या घेतलेल्या पॉलिसीत ट्रेकिंग किंवा ठरावीक उंचीच्या वरचं काही बसत नाही असं बऱ्याचदा निघतं. अजून एक, फ्रान्सच्या बाजूला मेंढ्यांचे कळप राखायला मोठे पांढरे कुत्रे असतात. धावायचं नाही, काठी उगारायची नाही, कळपाला लांबून वळसा घालायचा.

प्रश्न: मी पूर्ण शाकाहारी आहे आणि एकटीने हॉटेलात जेवायला बसायचं म्हटलं की मला कसंतरीच होतं. काय करू?

शहरात दुपारीच जेवून घ्या, दुपारी एकेकटे जेवणारे खूप असतात, बऱ्याच ठिकाणी दुपारचा ठरलेला मेनू स्वस्त पण असतो. संध्याकाळी सुपरमार्केटमधून ब्रेड, फळं, दही घेऊन नदीकाठी. फक्त जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातलं एखादं उघडं सापडतं, तेवढं लक्षात ठेवा.

डोंगरातल्या हटमध्ये मात्र एकटं जेवायचा प्रश्नच येत नाही. बूट दारातल्या फळीवर काढायचे, तिथल्या सपाता घालायच्या, आणि टेबल कुठलं ते हटवालेच सांगतात, लांबलचक बाकावर अनोळखी लोकांच्या मध्ये. सूपचं मोठं भांडं एकाच टोकाला ठेवतात, मग कोणीतरी वाढतं आणि बाऊल हातोहात पुढे सरकत येतात, भाषा येत नसली तरी "उद्या कुठे?" एवढं बोटाने नकाशावर होतंच. शाकाहारी आहे हे बुकिंग करतानाच कळवा आणि पोचल्यावर परत सांगा, आयत्या वेळी फक्त बटाटे येतील. चीज घातलेल्या छोट्या नूडल्ससारखं केझश्पेत्सले किंवा मक्याच्या पिठाचं पोलेंटा बऱ्याच ठिकाणी मिळतं, कनेदेर्ली म्हणजे ब्रेडचे गोळे, त्यात डुकराचं मांस असू शकतं, विचारून घ्या. आणि पूर्ण शाकाहारी म्हणताय म्हणून सांगते, पार्मिजानो चीज करताना वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारा रस) वापरतात, ते चालत नसेल तर पास्त्यावर भुरभुरवायच्या आधीच नको म्हणा, कारण इटलीत ते न विचारताच घालतात.