चेतावणी कोण देतो : आयोग की उमेदवार?

ऐरोलीहून विचारणा आहे : ‘प्रक्षोभक भाषणाबद्दल आयोगाने उमेदवाराला चेतावणी दिली’ हे वाक्य बरोबर का, आणि हेट स्पीचला मराठीत काय म्हणावे?

वाक्य साफ चूक. आयोगाने चेतावणी दिली म्हणजे त्यानेच उमेदवाराला पेटवले! आयोग देतो तो इशारा, फार तर ताकीद. ‘चेतावनी’ रेल्वेच्या हिंदी पाटीवर शोभते.

मूळ दोन्हींचे एकच, संस्कृत ‘चित्’, म्हणजे जाणणे. त्यावरून ‘चेतयति’, जागे करतो. हिंदीने माणूस जागा केला, मराठीने विस्तव. आपण चूल चेतवतो, होळी चेतवतो. राखेखालचा निखारा उकरायचा, वर चार काटक्या, फुंकणीने दोन फुंकरा. फुंकणारा विस्तव घेऊन येत नाही, तो राखेत असतोच. प्रचारसभेतही तेच. नळाला पाणी नाही, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, हा राग आधीचाच. तो शेजारच्या वस्तीवर वळवला की पाण्याचा जाब विचारायला कोणी उरत नाही. ‘प्रक्षोभक’मध्ये ही धग नाही, क्षोभ व्हावा तो समुद्राचा.

‘चिथावणी’ ही माझ्या मते चेतावणीच, वापरून झिजलेली. काहीजण तिला चिथड्याशी बांधतात. फाडण्याचा आणि फूस लावण्याचा संबंध काय? ‘त’चा ‘थ’ कसा झाला, असे व्याकरणवाले विचारतील. विचारोत.

‘मूळ एक, तर अर्थही एक’ म्हणणाऱ्या पंडितांनी ‘पोराला शाळेत उत्तम शिक्षा मिळते’ असे एकदा लिहून पाहावे.

तक्रार लिहिताना तर हा घोळ नकोच. वक्त्याचे नेमके शब्द, जागा, वेळ आणि अखंड चित्रफीत द्या. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123(3अ) मध्ये धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांवरून वैर पसरवणे हे भ्रष्ट आचरण आहे, पण ते उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्याच्या संमतीने इतर कोणी केलेले असावे लागते. ही संमती सिद्ध करतानाच दमछाक होते. उच्च न्यायालयात याचिकेला मुदत निकालापासून 45 दिवस. ठाणे, नवी मुंबई महापालिकांना हा कायदा लागू नाही, त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या. गटागटांत वैर पसरवण्याविरुद्धचे भारतीय न्याय संहितेचे कलम 196 मात्र तिथेही चालते.

राहिले हेट स्पीच. केंद्राच्या कायद्यात त्याची व्याख्याच नाही. विधी आयोगाने 2017 च्या 267 व्या अहवालात नवी कलमे सुचवली होती. ‘द्वेषभाषण’ म्हणा, चालेल. बातमीत मात्र ‘उमेदवाराची चेतावणी, आयोगाचा इशारा’ असेच छापा.