ओलं सरपण

अनेक आशीर्वाद.

वादविवाद स्पर्धेसाठी लिहिलेला तुझा मसुदा दोनदा वाचला. प्रतिपक्षाचं म्हणणं असं की शाळेने मोबाइलवर बंदी घातली, त्याच वर्षी दहावीचा निकाल सुधारला, म्हणजे बंदीचा उपयोग झाला. त्यावर तू एका दमात सात आक्षेप घेतले आहेस. सातवा, बोलणारा स्वतःच दिवसभर फोनवर असतो, हा आधी खोड. तो असेना का फोनवर, त्याने त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही.

उरलेल्या प्रत्येकाला विचार की तो नेमका कुठे लागतो. निकाल सुधारलाच नाही म्हणायचं असेल तर आकडे दाखवावे लागतील. बंदी मुळातच अन्याय्य वाटत असेल तर त्याची कारणं वेगळी मांडावी लागतील. पण ‘त्याच वर्षी गणिताला नवे शिक्षक आले’ हे चौथ्या क्रमांकावर दडलेलं वाक्य थेट ‘म्हणजे’ या शब्दावर घाव घालतं. सगळ्यांत भक्कम तेच आहे, आणि गर्दीत हरवलं आहे.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या जुन्या तर्कपंडितांनी, या जागेचा फार बारकाईने विचार केला. धूर दिसतो म्हणून डोंगरावर आग आहे, हे अनुमान चालतं. उलट, आग आहे म्हणून धूर असणारच, हे चालत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. अनुमानात न सांगितलेल्या अशा अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. तुझ्या वादात नवे शिक्षक हे ओलं सरपण आहे.

मात्र ओलं सरपण दाखवल्याने डोंगरावर धूर नाही असं सिद्ध होत नाही. तो एवढ्याच कारणावरून सिद्ध होत नाही, इतकंच ठरतं. शेवटी तू ‘म्हणून बंदी निरुपयोगी आहे’ लिहिलं आहेस, ते तुझ्या आक्षेपातून निघत नाही. तुझीही जोडणी तिथे तुटते. शिवाय तुझाच आक्षेप तपासून बघ: मराठी, इतिहासाचे गुणही तितकेच वाढले असतील, तर गणिताच्या शिक्षकांवर सगळी सुधारणा कशी टाकणार?

त्यांच्या न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचं खोडायचं ती वितंडा. नाव बदनाम झालं असलं, तरी ‘माझं मत अजून ठरलेलं नाही, पण तुमचं कारण अपुरं आहे’ असं मोकळेपणाने सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही. छल, म्हणजे समोरच्याचा शब्द मुद्दाम भलत्या अर्थाने घेणं, मात्र कधीच करू नकोस. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी अंगावर घेतलेला, हे कळत असूनही ‘नव’चा अर्थ नऊ घेऊन ‘याच्याकडे नऊ कुठे आहेत?’ विचारणं, हा त्याचा जुना दाखला. कॉलेजात असताना अशाच एका शब्दावर मी बक्षीस मिळवलं होतं. प्रतिपक्षाला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं, आणि ते बक्षीस मला कधी आपलं वाटलं नाही.

तेव्हा मसुदा पुन्हा लिही. सुरुवातीला त्यांचा मुद्दा असा मांड की वाचून ते म्हणतील, हो, आम्हाला हेच म्हणायचं होतं. त्यानंतर फक्त शिक्षकांचा आक्षेप. आणि सोमवारी शाळेत जाऊन दोन्ही वर्षांचे विषयवार गुण मिळतात का ते बघ. मराठीचे गुण आधी पाहा.